पडाव वर, हप्ता वर

॥ श्री ॥

कल्याण
आषाढ वद्य पंचमी, शके १८७५

ती. गोदाबायच्या पायांशी धाकट्या महिपतचा नमस्कार.

आम्ही सगळी इथे बरी आहोत. तुमची खुशाली चि. जयाने सवडीने कळवावी. जया, पत्र आईला सावकाश वाचून दाखव. मागच्या खेपेला तू घाईत अर्धी ओळ गाळलीस आणि आई समजली की मी अंथरुणाला खिळलो आहे. बिचारी राघोबरोबर काढ्याची पुडी पाठवून बसली.

पाऊस आहे. काळा तलाव काठोकाठ भरला. तुझ्या भावजयीचा गुडघा धरला आहे, तरी ती जिने चढायची थांबत नाही. काल संकष्टी होती म्हणून टिटवाळ्याला जाऊन आलो. देवळात फारशी माणसं नव्हती. हात जोडून उभा राहिलो, पण काय मागावं ते सुचेना. पुजाऱ्याने दोनदा "पुढे सरका" म्हटलं, तेव्हा सरकलो.

पेढी आता पेढी राहिली नाही. गादी-तक्के गेले, टेबल-खुर्च्या आल्या. पंचवीस-सव्वीस वर्षं मांडी घालून लिहिलं, आता पाय लोंबते सोडून लिहावं लागतं. मधेच नकळत पाय वर घेतो आणि मॅनेजर साहेब बघतात. माघात धाकट्या शेठनी पेढीची सगळी येणी ठाण्याच्या कंपनीला विकली, हे मी तुम्हाला सांगितलं होतंच. की नव्हतं? आठवत नाही.

राघो दूध घालायला आला तेव्हा तुझा निरोप पोचला. पडावाच्या कर्जाबद्दल कंपनीचा कागद आला म्हणून घाबरू नका. जूनचा आणि जुलैचा असे दोन हप्ते आले नाहीत, ते भरा, नाहीतर तारण ताब्यात घेऊ, अशी छापील भाषा सगळ्यांनाच जाते. कंपनीची माणसं कागदावर बोट ठेवून चालणारी आहेत. मोठ्या शेठची गोष्ट वेगळी होती. मिरगाच्या आधी शीड उतरवून पडाव किनाऱ्यावर ओढला की शेवटचा हप्ता घ्यायचे, हातात नारळ द्यायचे आणि म्हणायचे, "पडाव वर, हप्ता वर. आता नारळी पौर्णिमेला खाडीला हा नारळ द्या, माल भरा, मग या." तो नारळ घरात असेपर्यंत पेढीचा माणूस दारात यायचा नाही. हे तुला मी काय सांगू, तुझ्या लग्नापासून दर पावसात तुझ्या देव्हाऱ्यात तो नारळ बघत आलो आहे.

पण दिवस बदलले. भावजींना म्हण, कुठून जमत असेल तर दोन हप्ते भरून टाका. उगाच ताणू नका. मी इथे साहेबांच्या कानावर घालतोच आहे.

लोभ असू दे.

तुझा भाऊ
महिपत

ता. क. नारळाचं बाहेर कुणाशी बोलू नका.

---

कल्याण
नागपंचमी

ती. गोदाबायस महिपतचा नमस्कार.

राघोने दुधाच्या किटल्यांमधून फडक्यात बांधलेलं गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "बायनं दिलंय. बोलली, काय बोलू नको, नुसतं दे." आणि खरंच काही न बोलता गेला. तो राघो, जो बोलायला लागला की दूध नासतं असं भावजी म्हणतात.

गाठोड्यात नारळ होता. शेंडीवर हळदीकुंकवाचा थर बसलेला. तू रोज त्याला हळदकुंकू वाहिलंस. तुझी भावजय म्हणाली, "वन्संनी नारळ पाठवला? बरं झालं, वड्या करू." मी तिच्या हातातून तो हिसकावून घेतला. लग्नाला तीस वर्षं होत आली, तिच्या हातातून मी कधी काही हिसकावलं नव्हतं.

नंतर राघोकडूनच सगळं कळलं. कंपनीची माणसं सोमवारी तुमच्या कोपरला आली. पडावावरचं शाकारलेलं गवत उपसलं, साखळी घालून कुलूप लावलं, लिलावाचा कागद चिकटवला. भावजी म्हणाले, "अरे, पावसात पडाव चालतो का? चालवून दाखव, मी आताच हप्ता देतो." माणसं हसली. तू आतून नारळ आणून दाखवलास. त्यांच्यातला एक म्हणाला, "आजी, नारळावर कंपनीचा शिक्का कुठाय?"

नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास करतात. तू केलास की नाही, हे विचारायची मला सोय राहिलेली नाही.

जया, इथपर्यंत सगळ्यांसमोर वाचलंस तरी चालेल. पुढचं आईला एकटीला वाचून दाखव. नाही, तसं नको. भावजींनाही ऐकू दे. त्यांचाच पडाव आहे.

बाय, तो नारळ पेढीचा नव्हता.

मोठ्या शेठच्या वेळी वैशाखात नारळांची पोती यायची, खाडीवर पेढीच्या कर्जातले पुष्कळ पडाव असायचे. मोटारलॉऱ्या आल्या, रेती-विटा रस्त्याने जाऊ लागल्या, पडाव मोडीत निघाले. मोठे शेठ गेले. अलीकडे पेढीच्या कर्जातला पडाव तेवढा भावजींचाच उरला होता. तरी धाकट्या शेठनी रीत मोडली नाही, दर साली एक नारळ आणवायचे. कंपनीने एकही आणला नाही. तिला ती रीत ठाऊकच नाही. कुणी सांगितली नाही.

मे महिन्याचा हप्ता घेऊन भावजी आले, तेव्हा मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो होतो. दारातूनच म्हणाले, "काय रं महिपत, कोंबडी बसलीय का दांडीवर?" सगळे कारकून हसले. मीही हसलो. पैसे मोजून घेतले. मग ते तिथेच उभे राहिले. जात नाहीत, बसत नाहीत. मला कळलं ते कशासाठी उभे आहेत. शेवटी तेच म्हणाले, "यंदा शेठनं झाडावरच्या नारळांना पण टाळा मारला काय?"

त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की भावजी, आता नारळ नाही. आता पावसातही हप्ता आहे. एवढीच दोन वाक्यं. पण सगळ्यांच्या देखत माझी जीभ उचलली नाही. मी म्हणालो, "विसरलोच की. थांबा." मागच्या दाराने बाजारात गेलो, स्वतःच्या पैशाने नारळ घेतला, आणून त्यांच्या हातात दिला.

आणि बाय, याहून वाईट पुढेच आहे. नारळ हातात घेऊन ते म्हणाले, "महिपत, रेतीचे पैसे आलेत. पुढचे दोन हप्ते पण ठेवून जाऊ का? घरात राहिले तर जातील." पैसे त्यांच्या कमरेला होते. कागद माझ्यासमोर होता. मी म्हणालो, "कशाला? पडाव वर, हप्ता वर." माझ्या तोंडून मोठ्या शेठचं वाक्य आलं आणि मला त्या क्षणी बरंसुद्धा वाटलं. जणू पेढी अजून आहे आणि मी तिचा दिवाणजी आहे.

त्या पैशांतून त्यांनी पडावाला सागाची नवी फळी घातली, असं राघो म्हणाला. चांगली बसली आहे म्हणे.

अजून एक आहे. चैत्रात मी तुमच्याकडे जेवायला आलो होतो, तेव्हा भावजींची एका कागदावर सही घेतली. नवा कायदा असा आहे की कुणाचं कर्ज दुसऱ्याला विकायचं, तर ज्याचं कर्ज त्याला लेखी कळवावं लागतं, कुणाला विकलं ते. तोच कागद तो. भावजींनी विचारलं, "काय हाय यात?" मी म्हणालो, "काही नाही, पेढीचं नाव बदललंय." ते म्हणाले, "तू सांगतंस ना, मंग झालं," आणि जेवता जेवता डाव्या हाताने सही केली. तू तेव्हा मला आग्रहाने आणखी एक भाकरी वाढत होतीस.

मी साहेबांच्या कानावर घालतो असं मागे लिहिलं होतं. घातलं नव्हतं. काल घातलं. ते म्हणाले, "दिवाणजी, नारळ हा काय करारनामा आहे?"

लिलाव पौर्णिमेच्या आधीच्या शनिवारी आहे. म्हणून नीट ऐका. त्याच कायद्यात असंही आहे, की कर्ज विकणाऱ्याने घेणाऱ्याला त्या कर्जाची सगळी माहिती दिली पाहिजे. कर्ज ज्या अटींवर चालत आलं त्या अटींसकट ते विकलं जातं. मी इथले भाऊसाहेब वकील यांच्याकडे जाऊन आलो. चौथऱ्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "रीत होती हे कोण सांगणार? धाकटे शेठ?" मी म्हणालो, ते सांगणार नाहीत. "मग?" मी म्हणालो, मी सांगेन. त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "आणि दुसऱ्या दिवसापासून खाणार काय?"

ते माझं मी बघेन. भावजींना सोमवारी सकाळी वकिलांकडे पाठव. फी मी दिली आहे. भावजींना फीचं बोलू नको, ते यायचे नाहीत. पाहिलंस, पुन्हा मी तुला लपवायला सांगतो आहे. सांग त्यांना. येवोत न येवोत.

नारळ मी जपून ठेवला आहे. तो लागणार आहे.

महिपत

---

कल्याण
नारळी पौर्णिमा

ती. गोदाबायस नमस्कार.

कोर्टात काय झालं ते भावजींनी घरी सांगितलं असेल. की सांगितलं नाही? त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडले तेव्हा ते फार बोलत नव्हते, आणि ते बोलत नाहीत म्हणजे काय, हे तुझ्याइतकं मलाही ठाऊक आहे. म्हणून मी लिहितो. त्यांच्याकडून ऐकलं असलंस तरी माझ्या हातचं असू दे.

शुक्रवारी दुपारी आमचं काम निघालं. भाऊसाहेबांनी फडक्यातून नारळ काढून टेबलावर ठेवला. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "हे काय? आज कुणाची पूजा आहे?" कोर्टात हशा झाला. भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, हा आमचा करारनामा."

मला शपथ दिली. देवाची शपथ मी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने घेतली. एरवी रोज नाव घेतो, पण ते मनातल्या मनात.

"हा नारळ कुणी दिला?"

"मी."

"कशाबद्दल?"

"पडाव वर, हप्ता वर."

साहेब लिहिता लिहिता थांबले. "म्हणजे काय? नीट सांगा."

मी नीट सांगितलं. पावसात पडाव ओढून ठेवतात, माल चालत नाही, कमाई नाही, म्हणून पेढी त्या महिन्यांचं मागत नाही. व्याज चालू, हप्ता बंद. किती वर्षांची रीत, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी पेढीत लागण्याच्या आधीपासूनची. दोन हप्ते भावजी द्यायला तयार होते आणि मीच नको म्हणालो, तेही सांगितलं. नाव बदललंय असं सांगून सही घेतली, तेही सांगितलं. भावजी बाकावर बसले होते. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही.

मग कंपनीचे वकील उठले. तरुण आहेत, आवाज गोड आहे.

"दिवाणजी, ही रीत तुम्ही कंपनीला सांगितलीत?"

"नाही."

"कंपनीने विचारलं नव्हतं, म्हणून?"

बाय, मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, की कंपनीला रीत ठाऊक नाही, कुणी सांगितली नाही. ते वाक्य लिहिताना माझा हात जरा थांबला होता. ते 'कुणी' म्हणजे मी. तुझ्याजवळ कबुली द्यायला बसलो होतो, तरी तेवढी एक फट मी ठेवलीच. कोर्टात ती बंद झाली.

मी म्हणालो, "विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"कागदाबाहेर कुणाशी काही तोंडी ठरलेलं आहे का."

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"लिहिलंय तेवढंच."

माघातली ती दुपार मला अजून दिसते. गादी अजून गेली नव्हती. मॅनेजर साहेब एकेक कागद वाचत होते, धाकटे शेठ तक्क्याला टेकून डोळे मिटून बसले होते. तोंडी सवलती निघाल्या असत्या तर येण्यांची किंमत पडली असती, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. त्याआधी साहेब म्हणाले होते, "कागद स्वच्छ असले तर दिवाणजींना आम्ही ठेवून घेऊ." भावजींचा कागद आला, साहेबांनी तो हातात घेतला. त्यांनी विचारलं. 'पडाव वर' एवढं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी पन्नाशीला आलेला माणूस, जमीन नाही, दुसरी विद्या नाही. मी म्हणालो, लिहिलंय तेवढंच. ते खोटंही नव्हतं, म्हणून तर इतकं सोपं गेलं. त्या संध्याकाळी मी रोजच्यासारखी पोथी वाचली आणि मला झोपही लागली. मला आज त्या झोपेचंच जास्त वाटतं.

कंपनीचे वकील जज्जसाहेबांना म्हणाले, "बघा. आम्ही विचारलं, यांनी लपवलं. आमचा दोष काय? नुकसान यांच्याकडून भरून मागा, लिलाव कशाला थांबवता?"

साहेबांनी नारळ टेबलावरून आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "तुम्हा दोघांत कुणी कुणाला फसवलं ते तुम्ही वेगळं भांडा. हा गृहस्थ त्यात कुठे होता? त्याचं कर्ज विकलं तेव्हा त्याला कुणी विचारलं? पेढीकडे असताना त्याला जी सवलत होती, ती फक्त धनी बदलला म्हणून त्याच्या पायाखालून काढता येणार नाही."

हा शेवटचा निकाल नाही. तो दिवाळीनंतर लागेल, आणि काय लागेल ते देव जाणे. पण तोवर लिलाव बंद, कुलूप काढायचं, पौर्णिमेला पडाव पाण्यात घालायचा आणि हप्ते कोर्टात भरायचे, असा हुकूम झाला. कारकुनाने नारळावर चिठ्ठी चिकटवून नंबर घातला. भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, दिवाळीपर्यंत नासेल हो." साहेब म्हणाले, "मग लवकर पुरावा संपवा."

बाहेर पायऱ्यांवर भावजी उभे होते. मी जवळ गेलो. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चैत्रात तुमी बोललात, नाव बदललंय. खरंच बोललात, दिवाणजी. पेढीचं नाय, तुमचं बदललं." आणि छत्री उघडून स्टेशनच्या वाटेने गेले. बाय, माझ्या जन्मात भावजींनी मला 'तुमी' म्हटलेलं नाही. तुझ्या लग्नात मी त्यांच्या खांद्यावर बसून मांडवाला तोरण बांधलं होतं.

माझं म्हणशील, तर शनिवारी मॅनेजर साहेबांनी बोलावून हिशेब चुकता केला. कंपनी माझ्यावर दावा करील असंही म्हणाले. करू दे. तुझी भावजय दोन दिवस बोलली नाही. काल म्हणाली, "गुडघा धरलाय तरी पापड लाटता येतात." बाजारात एका किराणा दुकानात सकाळचं लिहिण्याचं काम मिळेलसं दिसतं. तिथे गादी आहे.

आज सकाळी खाडीकडे जावं असं फार वाटलं. गेलो नाही. पडाव पाण्यात उतरताना तुम्ही सगळी काठाला असाल. नवी फळी दिसत असेल. तुझ्या देव्हाऱ्यातला नारळ कोर्टात नंबर लावून बसला आहे, म्हणून भावजींनी खाडीसाठी दुसरा आणला असेल. मीही बाजारात एक हातात घेतला होता, हलवून पाणी ऐकलं, आणि परत ठेवला. माझ्या हातचा नारळ आता तुमच्या घरात मी पाठवणार नाही. कधी तू मागितलास तर आणीन.

यंदा भाऊबीजेला मी कोपरला येणार नाही. तूही कल्याणला येऊ नकोस. निकाल लागू दे. तू ओवाळायला बसलीस तर मी पाटावर बसेन, आणि ते अजून बरोबर नाही.

जया, हे पत्र आईजवळ कोपऱ्यात बसून वाचू नको. ओटीवर बस, वडील असतील, राघो असेल, शेजारी असतील, त्यांच्यासमोर मोठ्याने वाच. एकही ओळ गाळू नको. आई विचारील, मामाने अजून काही लपवलं असेल का गं? तिला सांग,

लिहिलंय तेवढंच.

महिपत